पुलाच्या डाव्या कडेला

"इकडं बघा! इल्ली नोडरी! इटु चूडंडी! इधर देखो भाई!"

डावा हात डोक्यावर उंच धरून, चुटक्या वाजवत, एका दमात चार भाषा. सोलापुरात लग्नाचे फोटो काढायचे तर एका भाषेवर भागत नाही, हे खरंच आहे. नवरी अक्कलकोटची असली तर तिच्या आत्या कानडी बोलणार, नवरा विणकरांच्या घरातला असला तर त्याचे काका तेलुगू, आणि बॅण्डवाले दखनी. पण आमचे मालक हा चार भाषांचा पुकारा अस्सल मराठी लग्नातही करायचे. समोर दोनच माणसं उभी असली तरी करायचे. आधार कार्डासाठी फोटो काढायला आलेल्या एकट्या माणसाला त्यांनी चारही भाषांत इकडं बघायला सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. तो बिचारा चारही वेळा बघत होता.

त्यांना मी मालक म्हणायची. यावरून त्यांच्या मालमत्तेचा अंदाज बांधू नका. आमच्या गावात रिक्षावालाही मालक असतो आणि रिक्षात बसणाराही मालकच. त्यांच्या मालकीचा एक स्टुडिओ होता, नवी पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्या समोरच्या गाळ्यात माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान. त्यांनी फोटो काढायचे आणि मी कॉम्प्युटरवर अल्बम लावायचा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मधल्या काळात मी भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापायची. त्यांतले बरेचसे अजून भावीच आहेत.

फोटोच्या बाबतीत मालक कडक. माणसांना ते सामानासारखं लावायचे. "मामा, पोट आत. आणखी आत. बरं ऱ्हाऊ द्या, असतंय एकेकाचं." वर म्हणायचे, "आता कुणी हलायचं न्हाय." हे मात्र ते फक्त मराठीत सांगत. त्यांचं म्हणणं असं, की हे सगळ्यांना कळतं आणि ऐकत कुणीच नाही, मग चार वेळा घसा कशाला कोरडा करायचा?

एके दिवशी ते चष्मा कपाळावर चढवून माझ्या दुकानात आले. हातात मोबाइल, त्यावर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ. चष्मा कपाळावर गेला की मालकांच्या डोक्यात काहीतरी नवीन शिरलेलं असतं, हे तोवर मला माहीत झालं होतं.

"ताई, एचडीआर म्हणून लई भारी प्रकार हाय."

भानगड फार अवघड नव्हती. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवायचा आणि एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे. एक मुद्दाम काळपट, एक बेताचा, एक भडक उजेडाचा. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकमेकांत मिसळायचे. पहिल्यातून आभाळ घ्यायचं, तिसऱ्यातून सावलीतल्या वस्तू. म्हणजे उन्हातलं पांढरंफटक होत नाही आणि सावलीतलं काळंकुट्ट होत नाही.

"सावलीतलं दिसाय पाहिजे की, ताई," मालक म्हणाले. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं, की माझा नवराही घरात लाइट गेली की ते म्हणू लागला.

पहिला प्रयोग अर्थातच एका लग्नावर झाला. मालकांनी मुहूर्त निवडला तोही अक्षता टाकायचा. मांडवात सावली, बाहेर रणरणतं ऊन, म्हणजे एचडीआरला एकदम योग्य. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. तीन फोटो एकावर एक बसवायचे तर तिन्हींत सगळं जागच्या जागी लागतं, आणि अक्षता टाकणारी माणसं काही पुतळे नसतात. मी तिन्ही फोटो मिसळले तेव्हा नवरीच्या मावशीला तीन हात आले. भटजी अर्धवट पारदर्शक झाले. नवरदेव दोन ठिकाणी होता आणि दोन्ही ठिकाणी घाबरलेला होता.

"माणसाची जातच हलती," मालक खिन्नपणे म्हणाले. "न हलणारं काय तरी बघाय पाहिजे."

न हलणारं म्हणून त्यांनी पूल निवडला. मोहोळच्या अलीकडे सीना नदीवर रेल्वेचा जुना दगडी कमानींचा पूल आहे. मालक तरुण असताना उसना कॅमेरा घेऊन त्या पुलाचा फोटो काढायला गेले होते. फोटो धुऊन आला तेव्हा कमानींच्या आत नुसतं काळं. ज्यांच्याकडे ते काम शिकत होते त्यांनी फोटो उलटासुलटा करून विचारलं, "ह्यात पूल कुटाय?" बाकीचे शिकाऊ हसले. झालं इतकंच, पण मालकांच्या ते मनात राहिलं. माणूस चाळीस वर्षं लग्नं काढतो, बारशी काढतो, मयतांचे फोटो मोठे करून देतो, आणि मनात एक पूल अडकलेला असतो. असली माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ती चारचौघांसारखी हिंडतात फिरतात, म्हणून ओळखू येत नाहीत.

पूल कधी काढायचा म्हणून मालक रोज माझ्यामागे लागायचे, पण एवढी घाई का, ते मला मामाच्या प्रकरणानंतर कळलं.

एका लग्नाचा मोठा ग्रुप फोटो मालकांनी काढला. छान काढला, फक्त डावीकडे उभा असलेला नवरीचा सख्खा मामा त्यात नव्हता. त्याचा एक खांदा होता, नव्या कोटाचा. आता आपल्याकडे लग्नात बाप थोडा मागेपुढे झाला तर चालतो, पण मामा? मामा दुकानात आला आणि स्वतःचा खांदा दाखवत अर्धा तास बोलला. मालक शांत होते. "तुमी मागं सरकला असणार," एवढंच म्हणाले.

मामा सरकला नव्हता. आदल्या आठवड्यात माझ्या दाराशी डावीकडे टेकवून ठेवलेल्या फ्लेक्सच्या चौकटीला मालक धडकले होते, त्याच्या आदल्या आठवड्यातही धडकले होते, आणि दोन्ही वेळा चौकट तिथे ठेवल्याबद्दल मलाच बोलले होते. मामा गेल्यावर मी सरळ विचारलं, "मालक, डोळ्यांचं काय?"

त्यांनी आधी टेबलावरचा कॅमेरा पुसला. मग म्हणाले, "काचबिंदू. डॉक्टर म्हणत्यात, कडा जायला लागल्यात. डावीकडनं जास्त. आन अंधारातलं तर न्हायच गावत. थेंब चालू हायत. गेलेलं परत येत न्हाय म्हणं."

त्यांनी कॅमेरा परत पिशवीत घातला. वर म्हणाले, "कुणाला बोलू नका. न दिसणाऱ्या फोटोग्राफरला कोण लग्नाला बोलवंल? हिला बी सांगितलं न्हाय. ही रडत बसंल. तेवढा पूल एकदा समदा बघू द्या मला, कमानींच्या आतला. मग काय व्हायचं ते हू दे."

कुणाला बोलू नका, म्हणजे काय बोलू नका? मांडवातले वाढपी त्यांना कोपराला धरून खांबांमधून न्यायचे. बॅण्डवाले त्यांच्या वाटेतले ढोल बाजूला घ्यायचे. अख्ख्या नवी पेठेला कळलं होतं. पेठेत गुपित राहिलं होतं ते फक्त मालकांच्या मते.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही निघालो. नवऱ्याची जुनी गाडी मी चालवत होते, शेजारी मांडीवर कॅमेरा घेऊन मालक, आणि मागे तिकाटणं, छत्री आणि काकू, म्हणजे मालकांची बायको. काकूंना मालकांनी न येण्याबद्दल बरंच सांगून पाहिलं होतं. काकू अक्कलकोटकडच्या. घरात दोघं कानडी बोलत, बाहेर मराठी. "ह्येनी नदीत पडले म्हणजे काडायला कोण हाय?" असं मला मराठीत विचारून त्या डबा घेऊन गाडीत बसल्या होत्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. प्रवासभर चटणीचा वास येत राहिला आणि मालक एचडीआर समजावून सांगत राहिले. काकू मध्ये मध्ये "हौदु" म्हणत, म्हणजे होय. लग्न झाल्यापासून त्या बहुधा असंच म्हणत आल्या असाव्यात.

नदीत पाणी बेताचं होतं. पात्रात उतरून मालकांनी जागा ठरवायला सुरुवात केली. इकडून बघ, तिकडून बघ. दुपार टळायची वाट बघायची म्हणाले, म्हणजे कमानींत सावली जास्तीत जास्त पडेल. जगातले बाकीचे फोटोग्राफर सावली टाळतात.

तेवढ्यात वरून भगवं जाकीट घातलेला रेल्वेचा माणूस उतरत आला. "ओ! हितं फोटो काढाय बंदी हाय."

मला वाटलं, संपलं. मालक मात्र त्याच्याकडे बघून हसले. "पैलवान, किती वरसं झाली ह्या पुलावर?"

"लई झाली की."

"पुलासंगं एक तरी फोटो हाय का तुमचा?"

माणूस थांबला. नव्हता.

"मग त्या मधल्या कमानीत जाऊन हुभं ऱ्हावा. सायबांनी इचारलं तर म्हणायचं, मोजमापाला आले हुते."

बंदी तिथेच उठली. तो जाकिटाची बटणं लावत कमानीत जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "तोंडावर अंधार येतोय न्हवं?"

"त्यासाटीच आलोय!" मालक ओरडले. त्यांचा चेहरा त्या वेळी इतका आनंदी होता, की मला एकदम भरून आलं. मी कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी होते म्हणून बरं, हात मोकळे असते तर डोळे पुसावे लागले असते.

तेवढ्यात मालगाडी आली. ती संपता संपेना. तिच्यामुळे पूल थरथरत होता आणि मालक हवेत हात धरून थांबले होते. ती गेली, धूळ बसली, आणि मग त्यांनी पुलाकडे बघून पूर्ण गंभीरपणे चार भाषांत इकडं बघायला सांगितलं. कमानीतला माणूस ताठ झाला. खटक. थोडं थांबून खटक. पुन्हा खटक. अगदी निवांत, प्रत्येक वेळी कॅमेऱ्यावरचे आकडे तपासून, घाई न करता.

"गावला," मालक म्हणाले.

मग आम्ही जेवायला बसलो. काकू गप्प होत्या. गाडीतून उतरल्यापासून त्या बडबडत होत्या, ऊन किती, काटे किती, आणि आता एकदम गप्प. आधी त्या मालकांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. भाकरी मोडून पुढे केली, ती मालकांनी घेतलीच नाही, समोर बघत बोलत राहिले. काकू हातात भाकरी धरून थोडा वेळ बसल्या. मग उठल्या, मागून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि पुन्हा भाकरी पुढे केली. मला वाटलं, तिकडे ऊन लागत असेल.

दुसऱ्या दिवशी मालक दुकान उघडायच्या आधी माझ्या दारात. मी तिन्ही फोटो उघडले आणि मिसळायला लावले. पडद्यावर पूल आला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. वर निळं आभाळ, आणि खाली प्रत्येक कमान आतून उघडी. दगडांच्या सांध्यातला चुना दिसत होता, पुराच्या पाण्याची रेघ दिसत होती, छताला पाकोळ्यांची घरटी दिसत होती. रेल्वेचा माणूस तर असा स्वच्छ आला होता, की त्याने दाढी केली नव्हती हेही कळत होतं.

"अजून उजळ करा," नाक पडद्याला लावून मालक म्हणाले.

"मालक, दगड निळे दिसायला लागतील."

"दिसू द्या. सावलीतलं दिसाय पाहिजे की."

मी उजळ करत गेले, ते कमानीकमानीने तोंड सरकवत बघत गेले. आणि उजळ करता करता मला फोटोच्या डाव्या कडेला एक डाग दिसला. मोठा करून पाहिला. बाभळीच्या सावलीत, दगडावर, काकू बसल्या होत्या.

एकट्या नव्हे, तीन काकू. सावली बघून त्या कधी फोटोत येऊन बसल्या ते मला कळलं नव्हतं, माझं लक्ष कमानीतल्या माणसाकडे होतं. आणि मालकांना तर ती कड उरलीच नव्हती. पहिल्या फोटोत काकू डबा उघडत होत्या. दुसऱ्यात मान वर करून सरळ आमच्याकडे बघत होत्या. तिसऱ्यात त्यांनी हात उंच केला होता, जेवायला बोलावतात तसा.

एवढ्या उघड्या माळावर, समोर बसून, हात करून बोलावलं आणि नवऱ्याने पाहिलं नाही. भाकरी घेऊन त्या उजव्या बाजूला का आल्या, ते मला तेव्हा कळलं. ज्या गोष्टीचं मालक त्यांच्यापासून इतके दिवस गुपित ठेवत होते, ती त्यांना त्या तीन खटक्यांमध्ये कळली होती, आणि त्या रडत बसल्या नव्हत्या.

फोटो मिसळायच्या त्या प्रोग्रॅममध्ये असल्या हललेल्या आकारांना भूत म्हणतात. ते काढून टाकायचं एक बटणही असतं.

"मालक, डावीकडे काकू आल्यात. तिन्हींत हलल्यात. काढू?"

"कुटं?" ते तोंड डावीकडे नेत गेले, पडदा संपला, परत आले. शेवटी मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

बराच वेळ ते बघत होते.

"हात कुणाला करतीया?"

"तुम्हाला, मालक."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काढू नका," ते म्हणाले. "हिचा फोटोच न्हाय माज्याकडं. लग्नातला हाय एक, तो बी दुसऱ्यानं काढलेला."

मी ते बटण न दाबताच फोटो सेव्ह केला. काकूंना कळलंय, हे मी सांगायची गरज नव्हती.

फोटोग्राफर मंडळींच्या वार्षिक प्रदर्शनात तो फोटो लागला. परीक्षक पुण्याहून आले होते. गळ्यात मफलर आणि हातात लेझरचा लाल ठिपका. त्यांनी पुलापुढे थांबून सगळ्यांना समजावलं, की रंग फार भडक झालेत, आणि डाव्या कोपऱ्यात तर भूत तसंच राहिलंय, नवशिक्यांची नेहमीची चूक. ठिपका काकूंच्या हातावर गोल गोल फिरत होता. मला असा राग आला, की त्यांचा मफलर ओढावासा वाटला.

मालक गर्दीतून पुढे झाले. "भूत न्हाय सायब ते," अतिशय अदबीने म्हणाले, "मंडळी हाय माजी."

सगळे हसले. परीक्षकही हसले आणि पुढच्या फोटोकडे गेले. तिथे नेहमीप्रमाणे सूर्यास्त होता. बक्षीस त्यालाच मिळालं.

त्यानंतर मालकांनी लग्नं घेणं बंद केलं, कारण विचारलं तर "लोक लई हलत्यात" म्हणायचे. पुढे जिनाही अवघड झाला. स्टुडिओच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. तिथल्या मुली चांगल्या आहेत, पण माझ्या चौकटीला कुणी धडकत नाही, आणि मला करमत नाही.

ते स्टुडिओ सोडून जाताना मी त्यांना एक भेट दिली होती. फ्लेक्सच्या रोलचा उरलेला लांब तुकडा होता, त्यावर तो पूल छापला. भिंतभर. मालकांना हवा होता तेवढा उजळ, निळ्या दगडांचा, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शोभेल असा. कुणाला दाखवायचा नव्हताच, त्यामुळे मी हात आखडता घेतला नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. दार उघडून काकू परत पलंगावर बसून शेंगा फोडू लागल्या. मालक भिंतीपाशी उभे होते, नाक जवळजवळ फ्लेक्सला टेकलेलं. मी आल्याचं त्यांनी आवाजावरून ओळखलं, "बसा ताई, झालंच," म्हणाले, आणि आपलं काम चालू ठेवलं. उजवीकडच्या टोकापासून एक तळहात फ्लेक्सवर ठेवून ते एकेक कमान बघत डावीकडे सरकत होते. आता त्यांना एका वेळी बशीएवढंच दिसतं, असं काकूंनी मला दारातच सांगितलं होतं. पाकोळ्यांची घरटी झाली. रेल्वेचा माणूस झाला. त्याला त्यांनी "काय पैलवान" म्हटलं. मग पूल संपला, बाभूळ आली, आणि सरकत सरकत ते पलंगाच्या अगदी जवळ येऊन थांबले. काकू त्यांच्या डाव्या हाताशी, साडीचा पदर त्यांच्या पायाला लागेल इतक्या जवळ बसलेल्या.

"गावली," मालक म्हणाले. त्यांनी उजवा हात वर केला आणि भिंतीवरच्या त्या हाताला उत्तर दिलं, "बंदे, बंदे." बंदे म्हणजे आलो.

काकूंनी फोडलेली शेंग सुपात टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

"मी हितं शेजारी बसलीया," त्या म्हणाल्या, "आन ह्येनी भिंतीला आलो आलो म्हणत्यात."

आणि त्यांनी तिथूनच, बसल्या जागेवरून, हात वर केला.